घोंगडीची लोकर घातलेला हेडफोन

आमच्या सुनेचं, सुरेखाचं सांगते. शेळ्या राखताना तिला गाणी लागतात, पन कळंबच्या बाजारातल्या तिच्या स्वस्त हेडफोनात नुसतं ढबढब वाजायचं. माझा दत्ता म्हनला, "फेक ते. माझा महागाचा वापर."

ती कुठली ऐकती. तिनं हेडफोन उघडला, आत जुन्या घोंगडीची लोकर बसवली, मागच्या भोकांना चिकटपट्टी लावली अन् म्हनली, "आता दोन्ही लावून बघू. आत्याबाई सांगतील ते खरं."

मी सांगायचं, कारन आमच्या शेळ्यांच्या घंट्या म्या डोळे झाकून ओळखते. सकाळी गोठा झाडताना तिनं फोनात त्यांचाच आवाज भरून ठेवला होता.

दत्ताच्या हेडफोनात सगळ्या घंट्या एकात एक मिसळल्या. मग तिचा लावला. चांदी वेगळी, मैना वेगळी, कोपऱ्यातल्या गाभनीचं रवंथबी कळलं. म्या चाटच पडले. अन् घंट्यांच्या मागं खराट्याची खरखर, त्याच्या मागं सुरेखाचं पुटपुटनं: "एवढं राबते, पन म्हातारी एकदा तरी म्हनली का, बरं केलंस पोरी?"

म्या हेडफोन काढला. ती माझ्या तोंडाकडं बघत हुभी होती.

"बरं केलंस पोरी," म्या म्हनले.

तिचं तोंड पांढरंफटक पडलं.

दत्ता म्हनला, "म्हंजी माझा हारला? काय कमी हाय त्यात?"

"त्यात 'म्हातारी' ऐकू येत न्हाय," म्या म्हनले.