पहिली उघडलेली बॅग

इमोजेन : पाय काढ. तो मोजा प्रागपासून धुतलेला नाहीये, आणि तो माझ्या मांडीवर आहे.

डार्सी : प्रागच्या आधीपासून. उगाच त्या शहराला नावं नकोत ठेवायला.

इमोजेन : पोट दुखतंय म्हणून बसमध्ये थांबलास ना? मग चिप्स कसले खातोयस?

डार्सी : औषध म्हणून. तुझ्या टाचेचा फोड कसा आहे?

इमोजेन : राजवाड्यात हजारावर खोल्या आहेत म्हटल्यावर एकदम मोठा झाला.

डार्सी : अकरा दिवसांत सात शहरं! घरी विचारतील, काय काय पाहिलंस? मी सांगणार, सगळीकडे घोड्यावर एक माणूस होता आणि सगळीकडे संडासाचे पैसे पडले.

इमोजेन : वहीत लिही ना. ‘आज मला काय वाटलं, तीन वाक्यांत.’ पॅस्को सर रोज वाचतात.

डार्सी : कालचं लिहिलं की. ‘चर्च फार उंच होतं. मला फार लहान वाटलं. मग आम्ही जेवलो.’ सरांनी खाली ‘सुंदर’ लिहिलंय.

इमोजेन : आणि आजचं काय लिहिणार?

डार्सी : आज पोट दुखतंय.

इमोजेन : तीनला टॅक्सी येणार आहे, डार्सी.

डार्सी : माहीत आहे.

इमोजेन : दोन वाजून दहा झालेत.

डार्सी : मलाही घड्याळ आहे.

इमोजेन : सर टेविटाला हॉस्टेलवरून विमानतळावर सोडून परत येणार. पुढे तो एकटा. तीन विमानं बदलून घरी, टास्मानियाला.

डार्सी : सुटला. निदान वही तरी लिहायला नको.

इमोजेन : हसू का मी?

डार्सी : माझ्याकडे असं बघू नकोस. त्या वाइनमध्ये अर्धे पैसे तुझे होते.

इमोजेन : होते. नाही म्हणाले का मी? पण बाटली टेविटाच्या बॅगेत कुणी कोंबली?

डार्सी : सर जिना चढत होते गं! सकाळी सकाळी, न सांगता, बॅगा तपासायला. खोलीत आठ बॅगा. मी म्हटलं, टेविटाची कोण उघडतंय? चिप्सचं पाकीट फोडायच्या आधी डोळे मिटून प्रार्थना करणारा पोरगा. रविवारी आम्ही पत्ते खेळत होतो तर हा खिडकीकडे तोंड करून बसला. मला वाटलं, त्याच्याइतकी सुरक्षित जागा सगळ्या व्हिएन्नात नाही.

इमोजेन : आणि सरांनी पहिली कुठली उघडली?

डार्सी : त्याची.

इमोजेन : का?

डार्सी : दाराजवळ असेल.

इमोजेन : दाराजवळ तुझी होती. सकाळी तूच म्हणालास, ‘माझी ओलांडून गेले, वाचलो.’

डार्सी : मग मला काय माहीत! सरांना विचार. गप्प, मिस आल्या.

मिस हार्टनेल : काय म्हणतंय आमचं इस्पितळ? पोट? टाच?

डार्सी : बरं आहे, मिस. आत कसं आहे?

मिस हार्टनेल : चाळीस मिनिटं एका राणीच्या केसांबद्दल ऐकलं. रोज तीन तास विंचरायचे म्हणे. मग गाइडबाईंनी माझ्या केसांकडे पाहिलं आणि विषय बदलला.

इमोजेन : मिस, टेविटाला खरंच पाठवणार?

मिस हार्टनेल : ‘दारूचा एक थेंब सापडला तरी घरी.’ सहलीच्या नियमांवर सह्या सगळ्यांनी केल्या होत्या. डार्सीनं तर सहीशेजारी मांजर काढलं होतं.

इमोजेन : पण इथं सोळाव्या वर्षी वाइन चालते. दुकानातल्या बाईनं हसत पिशवीत घालून दिली. म्हणजे, देत असेल.

मिस हार्टनेल : देत असेल.

डार्सी : घरी गेल्यावर काय होईल त्याचं?

मिस हार्टनेल : वसतिगृहातली जागा जाईल. फी माफ असलेल्या मुलांचं वागणं बघतात. तुमचं बघत नाहीत, तुमची फी बघतात. जागा गेली की शाळा गेली, त्यांच्या बंदराच्या गावात अकरावी-बारावी नाहीच. मग वडिलांबरोबर माशांच्या कारखान्यात, सॅल्मन साफ करायला.

इमोजेन : त्याला तर इंजिनिअर व्हायचंय.

मिस हार्टनेल : व्हायचं होतं. त्याच्या आईला, सालोटेबाईंना, फोन मी केला. सबंध हिवाळा दर शनिवारी ती बाई दोन तास गाडी चालवून यायची आणि हार्डवेअरच्या दुकानाबाहेर सॉसेज भाजून विकत उभी राहायची. एकट्या त्याच्यासाठी नाही, तुम्हा सगळ्यांच्या सहलीचे पैसे जमवायला. डार्सी, तुझे बाबा तीन-तीन खायचे आणि वर कांदा जास्त मागायचे.

डार्सी : काय म्हणाल्या त्या?

मिस हार्टनेल : विचारलं, ‘त्यानं जेवण केलंय का?’

डार्सी : मिस.

मिस हार्टनेल : हं.

डार्सी : बाटली माझी होती.

इमोजेन : आमची. अर्धी माझी.

मिस हार्टनेल : माहीत आहे.

डार्सी : काय?

मिस हार्टनेल : तेवीस वर्षं शाळेत काढलीत मी. काल तुम्ही दोघं आजीसाठी चॉकलेट आणायला गेलात आणि चॉकलेटशिवाय आलात. बाहेर एवढं ऊन, आणि याच्या जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत. चालत होता तर असा, जणू पोटाशी तान्हं मूल धरलंय.

इमोजेन : मग बोलला का नाहीत?

मिस हार्टनेल : वाटलं, तुम्ही आपणहून बोलाल. तुमच्या मनाला ती संधी द्यावी.

इमोजेन : हे वहीतलं वाक्य झालं, मिस.

मिस हार्टनेल : झालं खरं. शिवाय पॅस्को म्हणाले, पोरानं कबूल केलंय. उपमुख्याध्यापक आहेत, त्यांच्यावर मी काय बोलणार?

डार्सी : कुठे कबूल केलं? मी होतो ना तिथे! सरांनी विचारलं, ‘ही बॅग तुझी का?’ तो म्हणाला, ‘हो, सर.’ बस्स. बॅग त्याचीच होती! बाटली कुणाची, हे कुणी विचारलंच नाही.

मिस हार्टनेल : आणि तू काय करत होतास?

डार्सी : दात घासत होतो.

मिस हार्टनेल : किती वेळ?

डार्सी : सर जाईपर्यंत.

मिस हार्टनेल : त्यानं बघितलं तुझ्याकडे?

डार्सी : एकदाच. मग आपले कपडे घड्या घालून परत भरायला लागला. सरांनी सगळे उपसले होते.

इमोजेन : आणि मिस, याची बॅग दाराजवळ होती. ती ओलांडून सर आत गेले आणि सरळ टेविटाची उघडली. बाकीच्या सात नंतर उघडल्यासुद्धा नाहीत.

मिस हार्टनेल : हे नव्हतं मला माहीत.

इमोजेन : तुम्ही विचारलंत त्याला? बाटली तुझी का म्हणून?

मिस हार्टनेल : मी त्याला वाटेत खायला सँडविच करून दिलं.

इमोजेन : वा!

मिस हार्टनेल : चीजचं. वर पाठ थोपटली. ‘होतं असं कधी कधी,’ मी म्हणाले. तो ‘थँक यू, मिस’ म्हणाला.

डार्सी : मी जातो हॉस्टेलवर. सरांना सांगतो. ट्राम आहे समोरून.

मिस हार्टनेल : खाली बस. तू चुकीच्या ट्राममध्ये चढशील, आणि मग तीनपर्यंत मी तुलाच शोधत फिरायचं. फोन कुठाय माझा? आणि काय रे, मी सांगितल्यावर सर तुलाही घरी पाठवू शकतात. कळतंय ना?

डार्सी : कळतंय.

इमोजेन : मलाही.

मिस हार्टनेल : तुझी वेगळी टॅक्सी करू. फोड आहे ना.

डार्सी : लावा ना, मिस. अडीच होत आले.

मिस हार्टनेल : (फोनवर) हॅलो, पॅस्को? टॅक्सीला नको म्हणून सांगा... हो, आत्ताच. बाटली त्याची नव्हती... माझ्यासमोर बसलेत दोघं. आपणहून सांगितलं... डार्सी आणि इमोजेन... हो, तोच डार्सी, मांजरवाला... नाही, डार्सीनंच ठेवली टेविटाच्या बॅगेत, तुम्ही जिना चढत होतात तेव्हा... पॅस्को, तुम्ही हसताय?... नाही, नाही, ‘पोरं म्हटली की चालायचंच’ नाही. तुम्ही आत्ता हसलात. मी ऐकलं... टेविटाचं नाव होतं तेव्हा आपल्या दोघांपैकी कुणीच हसलं नव्हतं.