गोपीचं डोकं आणि राखलेली ओळ

बरोब्बर दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी माझ्या गोपीचं डोकं स्वेटरात अडकलं! ना वर, ना खाली! तुम्हाले सांगते, आठ महिन्यांची पोर, छाती आधीच घरघरून राहिली, थंडी अशी की बादलीतलं पाणी हाताले चावते, म्हणून मी वीस दिवस एका पायानं पाळणा हलवत हा स्वेटर विणला... अन् आत पोर लाल, बाहेर मी पांढरी! कान ओरबाडला तर? श्वास कोंडला तर? शेवटी घेतली कात्री अन् गळ्यापाशी कचकन चालवली. पोर सुटली, हसली. मी रडली!

तशीच तिले शालीत गुंडाळून शेजारच्या वच्छलाकडे गेली. नमुन्याची चिठ्ठी तिनंच दिली होती ना! म्हटलं, "काहून वं, यात गळा कुठी आहे?" तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणते कशी, "एक ओळ राखायची असते ना वं! पुरा नमुना दिला तर आपल्या हाताचा गुण जाते."

म्हटलं, अवं, राखायची तर किनारीची राख, गळ्याची काहून?

"मी कुठी गळ्याची राखली? मी तर फक्त लोकरीचे किती गोळे लागतात तेवढं राखलं. गळ्याचं बायजाबाईले विचार, मले तिनं दिला."

तरीच! पाच गोळ्यांत अंग अन् एकच बाही झाली, अन् दुकानात गेली तर तो पिवळा रंग खतम! दुसरी बाही हिरवी आहे... ते जाऊ द्या.

बायजाबाई म्हणे, "मी खांद्यावरच्या बटणाची ओळ राखली. एक राखायची असते!" तिले सिंधूताईनं दिला होता. सिंधूताई चष्मा पुसत म्हणे, "गळ्यासाठी मधले बारा टाके बंद करायचे, ती ओळ माझ्याजवळ आहे, सांभाळून ठेवली!" जशी काही सोन्याची पाटली! अन् तिले देणाऱ्या मनकर्णाबाई, महिला मंडळाच्या अध्यक्षीण, मूळ नमुना त्यांचा. त्या काय म्हणाव्या? "मी वय राखलं. हा तीन महिन्यांच्या लेकराचा आहे."

चार बाया, चार ओळी, अन् भोगलं कोणी? माझ्या पोरीच्या डोक्यानं!

मग शनिवारी मंडळाच्या सभेत मी उभी राहिली! मी! सातवी पास, हळदीकुंकवाले गेली तरी दाराशी बसणारी! अन् तोंड असं सुटलं म्हणता! म्हटलं, बाई, चिठ्ठीवर सगळ्यात आधी वय लिहा, मग गोळे लिहा, एकाच वेळी घ्या म्हणावं! अन् कोणाले द्यायच्या आधी दुसऱ्या एकीनं तो विणून, जित्या लेकराच्या अंगात घालून पाहावा, मगच द्यावा! अन् ओळ राखायची कशाले? गुण काय हाताले लागलेला रंग आहे, धुतला की जाईन?

मनकर्णाबाई नाक वर करून म्हणे, "आमच्या सासूबाईंनी मले दोन ओळी राखून दिला होता. मी नाही शिकली?"

मी काही बोलणार, तेवढ्यात कडेवरची गोपी अशी खोकली, अशी खोकली, की साऱ्या बाया वळून पाहाले लागल्या! मनकर्णाबाईंनी तिले उचललं, छातीले हात लावला, अन् हळूच म्हणे, "लिही. आठ महिन्यांसाठी टाके ऐंशी." मग सिंधूताई, मग बायजाबाई, मग मान खाली घालून वच्छला! मी सगळं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं अन् मंडळाच्या भिंतीवर टांगलं. कापलेला गळा उसवून पुन्हा विणला, अन् चौथ्या दिवशी गोपीच्या डोक्यावरून स्वेटर सर्रकन! एक बाही पिवळी, एक हिरवी, पण पोर गरम! मी तर नाचलीच!

अन् आता? आता बाया पुठ्ठा वाचतात अन् एकमेकींले कोपरानं ढोसतात: "एवढं पुरं कोणी देते का वं? हिनंही एक राखलीच असंन!" अन् प्रत्येकीनं आपल्या मनानं गळ्याचे बारा टाके आणखी बंद केले! काल पाहते तर मोहल्ल्यातली तीन लेकरं... स्वेटर खांद्यावर ठरतच नाही, सरळ कमरेत येऊन बसते! वच्छला कानाशी येऊन विचारते, "माझ्याजवळ तरी खरं सांग, कोणती राखली?"

म्हणून हात जोडते, जी भेटंन तिले सांगा: नमुना पुरा आहे! पुरा! काही जोडू नका, काही वाढवू नका! सांगा बरं नक्की...

सांगाल. पण सांगता सांगता एखादी गोष्ट राखालच, मले काय माहीत नाही?