चित्र नसलं तरी चालेल

नाही हो भाऊ, ओरडत नाहीये मी, माझा आवाजच असा आहे — आणि तुम्ही तोंड इकडे करून बोला बघू, पाठमोरं बोललात तर मला ढिम्म कळायचं नाही. कान गेलेत माझे. पण ओठ वाचते मी, लांबूनसुद्धा वाचते, तेव्हा मघाशी त्या गिऱ्हाइकाला माझ्याबद्दल काय म्हणालात तेही कळलंय मला — असू द्या, भांडायला नाही आले. तो टीव्ही द्या. तो वरच्या फळीवरचा, कोपऱ्यात टवका उडालेला. माझाच आहे तो. म्हणजे होता. आम्हीच आणून दिला नव्हता का, चादरीत गुंडाळून, एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला आमचे हे? विसरलात? केवढं भाषण ठोकलं होतं मी इथे उभं राहून — की आता घरात ही ब्याद नको, माणसानं साधं राहावं, डोक्याला शांतता पाहिजे. तुम्ही हसला होतात. हसायच्या ऐवजी म्हणायचं होतं, बाई, घरी जा आणि जरा विचार करून ये. पण तुमचं दुकान कसं चालायचं मग.

कोणी सांगून ठेवलाय? मग त्याला हा द्या की, हा मोठा, भिंतीएवढा — त्याला चित्र बघायचं असेल ना? मला चित्र नको. चित्र नसलं तरी चालेल, काच तडकली तरी चालेल. मला आवाज पाहिजे. आणि ह्याचाच पाहिजे — ह्याच्या आवाजाखाली एक घरघर आहे, भोंग्यात काहीतरी सैल झालंय, ती तुम्ही दुरुस्त तर नाही ना केलीत? नाही? बरं झालं, देव तुमच्या आळसाला आयुष्य देवो. खाली काढा. बस यायच्या आत काढा.

ते बघा ना, समोर, थांब्यावर. आपल्याकडे पाठ करून बाकावर बसलेत, निळा सदरा, मांडीवर पिशवी — ते आमचे हे. लेकीकडे निघालेत. चार दिवस राहतील, जरा हवापालट, तिचंही बरेच दिवस चाललं होतं, बाबांना पाठव, बाबांना पाठव. मी पोचवायला आलेय. म्हटलं बस येईपर्यंत दुकानात डोकावून येते. ते काही बोलले नाहीत. नाही, तसे कमीच बोलतात — नाही, तेही खोटं, बोलायचे. भरपूर बोलायचे, तुम्हाला काय सांगू, हात थकायचे त्यांचे.

हात म्हणजे हात. मागावर होतो आम्ही दोघं, कापडाच्या कारखान्यात. तुम्ही कधी चालत्या मागांमधे उभे राहिलायत? नाही ना. शंभर माग एकदम धडधडतात, धोटा इकडून मारला की तिकडे, तिकडून मारला की इकडे, पायाखालची फरशीसुद्धा थरथरते — तिथे कानाशी येऊन बोंबललात तरी उपयोग नाही. मग तिथली माणसं काय मुकी राहतात? बोलतात की. ओठांनी बोलतात, हातांनी बोलतात. मुकादम आला, सूत संपलं, डबा खाल्लास का, तुझा नवरा मेला तर बरं — सगळं बोलतात. माझ्या शेजारच्या मागावर हे होते. कानात सुताचे बोळे कोंबून काम करायचे, म्हणून मी हसायचे त्यांना, म्हणायचे कान काय नाजूक आहेत नवरदेवाचे. आता त्यांचे कान शाबूत आहेत आणि माझे गेले. हसणाऱ्याचे दात दिसतात म्हणतात, माझे कान दिसले.

आणि तिथे एक पद्धत होती. कोणाला पाणी प्यायला जायचं असलं, कशालाही जायचं असलं, तर चालता माग सोडून जायचं नाही. शेजारच्याला सांगायचं. असं — डोळ्याला दोन बोटं लावायची, मग दोन्ही मुठी अशा डावी-उजवीकडे हलवायच्या, म्हणजे माग, आणि मग पंजा छातीशी. लक्ष ठेव मागावर, परत येतो. एवढं केलं की शेजारचा मान हलवणार आणि दोन्हीकडे बघणार. ते केल्याशिवाय जो गेला तो निघूनच गेला, असा अर्थ. ह्यांनी मला पहिल्यांदा जे सांगितलं ना, ते हेच. तेव्हा नावही ठाऊक नव्हतं मला. मग ह्यांना सारखी तहान लागायला लागली — मीही खुळी नव्हते, मलाही कळत होतं एवढं पाणी कोणी पीत नाही. लग्न झाल्यावरसुद्धा घरातून निघताना, साधे दाढी करायला निघाले तरी, दारात उभं राहून तेच. डोळे, माग, छाती. घरात कुठला आलाय माग? पण करायचे. अगदी परवापरवापर्यंत.

मग कारखाना बंद पडला. आणि भाऊ, पहिल्या दिवशी घरी बसलो ना दोघं समोरासमोर, तर कळेचना काय करायचं. ह्यांनी उठून टीव्ही लावला. मोठा केला. आणखी मोठा केला. आणि लगेच माझ्याकडे वळून हातानं म्हणाले, आज काय करायचं जेवायला. बस्स, तेव्हापासून आमचा टीव्ही चालू. सकाळी उठून लावायचा तो झोपताना बंद. काय बघायचो? काहीच बघायचो नाही. शेजारीण विचारायची, काल त्या मालिकेत पुढे काय झालं हो, आणि मी काहीतरी ठोकून द्यायचे, सासू मेली म्हणून. ज्या वाहिनीवर सगळ्यात जास्त आरडाओरडा ती आम्ही लावायचो. महिनाभर तर एका परक्या भाषेतली लावली होती, एक अक्षर कळत नव्हतं, पण काय भांडायची ती माणसं, वा. त्या गोंगाटात आम्ही दोघं निवांत. मी बोलायचे, ते माझ्या तोंडाकडे बघायचे. ते बोलायचे, मी त्यांच्या हाताकडे बघायचे. गोंगाट असला ना भाऊ, की माणसाकडे बघावंच लागतं. शांततेत कोण कोणाकडे बघतंय?

हे मला कधी कळलं? टीव्ही तुमच्या फळीवर चढल्यावर कळलं.

लेक आली होती. शिकलेली आहे, तिच्या घरात टाचणी पडली तरी ऐकू येते, आणि तीही पडत नाही. आल्या आल्या कान झाकून बसली. म्हणाली, आई, हे घर आहे की कारखाना. कमी वस्तू ठेवा, कमी आवाज ठेवा, आधी हा टीव्ही काढा, बघा किती सुख वाटेल. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मला खरं तर नाही म्हणायचं होतं. पण लेकीसमोर — अडाणी आईनं मागे कसं राहायचं? म्हटलं, त्यात काय, उद्याच काढते. आणि काढला. नुसता काढला नाही, सगळ्या जिन्याला सांगितलं. आम्ही बाई टीव्ही सोडला. तुम्ही बसा डोळे फोडत. दोघी-तिघींना तर असं टोचून बोलले की त्या अजून बोलत नाहीत. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा, आणि वर तो धोंडा सगळ्यांना दाखवत फिरले.

दोन खुर्च्या होत्या आमच्या, त्या रिकाम्या टेबलाकडे तोंड करून तशाच राहिल्या. दोघं बसायचो तिथे. पुढ्यात नुसती भिंत. आणि एक दिवस ह्यांनी ओला पंचा खुर्चीवर टाकला. रोजच टाकतात, रोजच मी बोलते. तशीच बोलले — किती वेळा सांगायचं, लाकूड कुजतंय, अक्कल कुठे गहाण टाकली — काही विशेष नाही, घरातलंच बोलणं. आणि हे असे दचकले. कानावर हात गेला त्यांचा. मग हळूच माझ्याकडे बघून, परक्या बाईला नाव विचारावं तसं विचारलं,

"तुझा आवाज असा आहे?"

रागानं नाही हो. रागानं म्हणाले असते तर मी पुरून उरले असते. खरंच विचारत होते. एवढा संसार झाला, एक लेक वाढवली, आणि त्या माणसानं माझा आवाज कधी नीट ऐकलाच नव्हता. मागांच्या खाली ओठ बघितले, घरी आलो तरी कानात तीच धडधड आणि हातांची तीच सवय, मग टीव्हीच्या खाली ओठ बघितले. ओठांना काय राग असतो? ओठांवर 'अक्कल कुठे आहे' आणि 'जेवण तयार आहे' सारखंच दिसतं. माझं मेलं बोलणं असं करवतीसारखं आहे हे त्यांना कुठून ठाऊक? आणि मला तरी कुठून? मला ऐकू येतं कुठे?

मग मी हळू बोलायला गेले. येत नाही. तुम्हीच बघा ना, आत्ता मी हळू बोलतेय असं मला वाटतंय — आणि तो बाहेरून जाणारा माणूस वळून बघतोय. बोलायचंच बंद केलं, तर त्यांना वाटलं मी धुसफुसतेय. हातांनी बोलायला गेले, तर ते खिडकीकडे तोंड करून बसलेले. पाठीला काय हात दाखवू? आणि मग त्या दिवशी लेकीचा फोन आला, हे कपाटाकडे तोंड करून बोलत होते. मला कुठलं ऐकू येतंय, म्हणून बिनधास्त. पण कपाटाला आरसा आहे, भाऊ. आणि मी ओठ वाचते. लेकीला म्हणाले, मला इथे ऐकवत नाही, मला घेऊन जा.

म्हणजे — चार दिवसच. चार दिवसांसाठीच चाललेत.

नाही, काय खोटं बोलू तुमच्याशी. पिशवी मीच भरली. गरम कपडे भरून घेतले त्यांनी, आत्ता या उन्हात. आणि वरून आपली सूत कापायची कात्री ठेवली, मागावरची, ती कधी कोणाला हातही लावू देत नाहीत. चार दिवसांसाठी कोणी कात्री नेतं का? आणि घरातून निघताना दारात — कुलूप लावताना मी बघतच होते — नुसते जिना उतरले. डोळे नाहीत, माग नाही, काही नाही.

तुम्ही म्हणाल, तिथे बाकावरच सांगायचं होतं की, थांबा म्हणून? मी थांबा म्हटलं ना, तरी धमकी वाटते. आजूबाजूचे वळून बघतील, हे मान खाली घालतील, आणि बसमध्ये चढतील. म्हणून सांगतेय तुम्हाला, तो टीव्ही लावा. पैशाचं मागाहून बोलू. वायर ही घ्या, इथे खोचा. ते दार उघडं टाका. मोठा करा. आणखी. अहो घाबरता काय, दुकान तुमचं आहे, कोण बोलणार तुम्हाला? अजून मोठा — हां. हां, ही ती घरघर. मला ऐकू येत नाही, पण बोटाला लागतेय बघा, फळीवर हात ठेवला की लागते. ह्यांना ओळखू येईल. आमच्या घराचा आवाज आहे हा.

बस. ती बस आली.

उठले. नाही वळले. बाकीचे सगळे वळले, हे नाही — भाऊ, पुरा करा, तो पुरा वर करा —

वळले.

आता गप्प बसा. मधे येऊ नका, काचेपासून बाजूला व्हा, मला त्यांच्याशी —

कळलं त्यांना. काय म्हटलं ते तुम्हाला कशाला? नुसते ओठ हलवले, आवाज काढला नाही, तुम्हालाही ऐकू नाही आलं ना? बघतायत. बघा, सरळ तोंडाकडे बघतायत माझ्या. तो बसवाला काहीतरी बोलतोय, त्याच्याकडे लक्ष नाही त्यांचं. पिशवी खाली ठेवली.

नाही, तुम्ही हसू नका. राहायला नाही ठेवली. हात मोकळे करायला ठेवलीय, दोन्ही हात लागतात त्याला. बोटं. डोळ्याला बोटं लावली. आता मुठी — माग. आणि पुढचं? पुढचं करा ना, तेवढ्यावर सोडू नका, अहो तेवढं नुसतं लक्ष ठेव झालं, पुढचं —

छातीशी पंजा.

मी मान हलवली ना? दिसली असेल ना त्यांना? हलवली मी.

चढले. गेली बस.

बंद करा तो. बंद करा म्हटलं ना, किती कर्कश लागतोय अख्ख्या रस्त्याला. आणि ऐका, तोंड इकडे करा — हा कोणाला विकायचा नाही. खाली काढून ठेवा, आत, कापड टाकून. आज नेणार नाही, एकटीला उचलत नाही तो, दुसऱ्या टोकाला माणूस लागतो. ते आले की दोघं येऊ. काय बघताय? रडत नाहीये मी, माझा चेहराच असा आहे. गिऱ्हाईक आलंय तुमचं, त्याच्याकडे बघा.