सर्व हक्क राखून

— ते पत्र आधी खिशात घाला, वीरभद्रप्पा. बहिणीला आलेलं पत्र असं कोर्टाच्या दारात उलगडायचं असतं व्हय? बसा की हितं बाकावर. हे पान टाइप झालं की तुमचंच. स्पेनच्या पाद्रीबाबांचं हाय. त्यांच्या भाषेतलं पुस्तक इंग्रजीत करायलेत — ते हातवारे करून अर्थ सांगतात, मी इंग्रजी शब्द बसवतो. आणि आज क्रियापदं कुटली निघाली म्हणता? बोललेलं मागं घ्यायची! हसू नका. एक 'रेत्राक्तार्से' — जबानी फिरवणं, त्याला 'रिट्रॅक्ट' टाकलं. दुसरं 'देस्देसीर्से' — बाबांनी झग्याची शिवणच उसवून दाखवली, बोललेलं उसवायचं म्हणे. त्याला 'विड्रॉ' चालंल? छे! विड्रॉ करतात दावा. तिसऱ्यात तर शब्द गिळायचे — बाबांनी असा आवंढा गिळला, मी पाणी आणायला पळालो की.

काय? शरणम्माला काय लिहिलं? बायकोला माफीच लिहिली. व्हय, इंग्रजीत. वीस वर्षं लोकांचे अर्ज लिहितोय, मराठीत हातच वळंना. 'खाली सही करणार आपले विधान मागे घेत आहे' — ह्यात वाईट काय हाय? पुढं... 'सर्व हक्क राखून'. आता ते सवयीनं पडलं वो! दर अर्जात पडतं. तुमच्या गावच्या शाळेतल्या मास्तरांनी मराठी करून वाचलं? माझ्या सासऱ्यांसमोर? अरे देवा! मग ती हसली असंल — न्हाय?

बोललो तरी काय मी? 'जा माहेरी, तुझ्यावाचून माझं काय अडत न्हाय.' चारचौघांत बोललो, कबूल. पण अडलं काय? खानावळीत जेवतो. झोपतो — म्हणजे पडतो. काल सकाळी हाक मारली, 'शरणम्मा, चहा!' तर शेजारच्या मथुराबाईंनी पेला आणून ठेवला. लई लाज वाटली, पाव्हणं.

मग तिचं म्हणणं काय? कागद नको, खण-नारळ घेऊन उंबऱ्याशी या, बोललात त्याच तोंडानं बोला. रीतच हाय आपली, मला का ठाऊक न्हाय? पण तुमीच सांगा की तिला, माझ्या वतीनं. — न्हाय म्हणता? गावाच्या माफ्या लिहून दिल्या मी, आणि स्वतःची तोंडातून निघंना, बघा.

ठेवा तो कागद. झाकण लावू लागा मशिनला. बाबांची क्रियापदं ऱ्हाऊ द्यात उद्यावर, तुमच्या अक्कलकोटची गाडी चुकंल. 'शरणम्मा, लई अडतंय. घरी चल.' — बरोबर हाय न्हवं? मग चला. आणि गाडीत माझ्याशी एक अक्षर बोलू नका, मला पाठ करायचंय.