सगुणेच्या चेहऱ्याचा साचा

ऐका रे. जरा जवळ सरका. आणि हे बघा, अंधारातनं कुणी हाक मारली तर लगेच ओ देऊ नका. कोण मारतंय ते आधी बघा.

आपल्या गावचा महिपती कुंभार. गौरीचे मुखवटे करायचा, प्लास्टरचे. पांढरं पीठ पाण्यात कालवायचं, साच्यात ओतायचं, घट्ट झालं की मुखवटा अलगद बाहेर! त्याची एकच लेक, सगुणा. डोंगरापलीकडं गोठण्याला दिलेली. एक दिवस निरोप आला, तापानं गेली म्हणून.

बायको येसू अंथरुणाला खिळलेली. उठताच येईना. ती म्हणाली, "मला लेकीचं तोंड तरी दाखवा हो!"

आता कसं दाखवणार? फोटो एकसुद्धा नाही. महिपतीनं प्लास्टरची पिशवी उचलली आणि निघाला.

गोठण्यात त्याच्यासाठी सगळे थांबलेले. त्यानं लेकीच्या तोंडाला तेल चोपडलं, वर प्लास्टरचा लेप दिला. जित्या माणसाच्या चेहऱ्याचा साचा घेताना नाकात नळ्या ठेवतात, श्वासासाठी. इथं कशाला! आणि ऐका, प्लास्टर घट्ट होताना तापतं. त्याच्या तळव्याखाली लेकीचा गाल ऊन झाला. का झाला ते त्याला ठाऊक होतं रे. जन्म गेला होता त्यात. तरी हात निघेना.

"मामा, पुरे आता," जावई म्हणाला, तेव्हा त्यानं साचा सोडवला.

सगुणेला पोचवून येईस्तोवर दिवस बुडाला. जावयानं हात धरला. "रात्रीचं खिंडीतनं जाऊ नका, मामा. सकाळी मी येतो सोबत."

"ती तिकडं डोळे लावून बसली असेल," महिपती म्हणाला. साचा धोतराच्या फडक्यात गुंडाळला, छातीशी धरला, आणि निघाला एकटाच!

खिंडीत शिरला. वारा पडलेला. रातकिडासुद्धा गप्प. चालतोय, चालतोय... आणि छातीशी काहीतरी कोमट लागलं.

साचा! अरे, दुपारचा सुकलेला साचा, तो कशाला तापेल? पण तापला. पाऊल टाकेल तसा तापत गेला. आणि आतनं आवाज आला.

"आप्पा, गुदमरतंय मला. फडकं सोडा."

सोडू नये, बरं का! पण बाप तो. सोडलं. वर चांदणं. साचा म्हणजे नुसता खळगा, नाक आत, गाल आत. तर ते नाक हळूहळू वर आलं. गाल वर आले. आणि मिटलेले डोळे उघडले!

"आप्पा, अशी रिकामी नेता मला? आईला काय खळगा दाखवणार? भरा ना."

समोर ओढा. ओढ्याकाठी घमेलं, कालवलेल्या प्लास्टरनं भरलेलं. त्या रानात कोण कालवून ठेवणार? महिपतीनं विचारच केला नाही. ओंजळी भरभरून ओतत सुटला. साचा भरला. भरला आणि त्यातनं मान वर आली. खांदे आले. सगुणा उठून बसली! पांढरीफटक, ओली.

"आता तुम्ही आडवे व्हा, आप्पा. तुमचाही साचा घेते. मग आपण दोघं इथंच राहू."

आणि सांगू? तो आडवा झाला. आपणहून झाला रे! जगून तरी काय करायचंय, म्हणाला. तिनं कपाळावर लेप दिला. गालांवर दिला. तोंडावर. मग नाकावर. गार, जड. श्वास अडला. नळी नाही, काही नाही!

डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि त्यात त्याला येसू दिसली. एकटी पडलेली. पाण्याच्या तांब्याला हात पुरत नाही तिचा. त्यानं हात झाडले, चाचपलं. साचा हाताला लागला. लेकीचं तोंड ते! जगात तेवढंच उरलेलं.

"आप्पा, नको!"

हुबेहूब सगुणेचा आवाज. त्यानं साचा दगडावर आपटला.

अशी किंकाळी उठली म्हणता! तोंडावरचा लेप चिखल होऊन ओघळला. महिपती उठला आणि पळत सुटला. पडला, उठला, पळाला.

उजाडता घरी पोचला. "आणलंत?" येसूनं विचारलं. त्यानं रिकामे हात पुढं केले.

दिवसाउजेडी चार माणसं घेऊन गेला, तुकडे वेचून आणले. जोडून बघितले. एक कपाळाचा, एक ओठाच्या कडेचा. चेहरा काही जमेना. येसूनं त्यांच्यावरनं बोट फिरवलं. "ही माझी सगुणा नव्हे," म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड केलं. पाऊस लागायच्या आत तीही गेली.

महिपती पुढं पुष्कळ जगला. मुखवटा मात्र पुन्हा एकही घडवला नाही. ओसरीवर बसून एकच विचारायचा, येईल त्याला विचारायचा, "ते भूतच होतं ना रे? नको म्हणाली होती ती."

तेव्हा त्या खिंडीतनं जाऊ नका, पोरांनो. घरातलं कुणी नुकतं गेलं असेल तर दिवसाही नको. तिथलं जे आहे ना, ते भ्या दाखवत नाही. आपलं माणूस होऊन येतं. लांब पडला तरी गाडीरस्ता धरा.

चला, उठा आता. आणि एकेकटे जाऊ नका.