विजूले गरम केलं

विजूचं सांगतो, चहा घेता घेता आयका. भिलाईतल्या खुर्सीपार वस्तीतला आमचा विजू वेटलिफ्टर. आपल्या दुप्पट वजन रोज उचले, तेही असा चूपचाप का बाजूच्याले पत्ता नाही लागे. स्पोर्ट्स कोट्यातल्या नोकरीची ट्रायल निघाली, जागा एकच.

कोच म्हणे, "पोरगा लय थंडा आहे. याले गरम करा लागते."

भिलाईत सगळ्यांची जिंदगी पोलाद कारखान्याच्या भट्टीपाशी गेली. तापवल्याबिगर काही बनते, हे कोणी मानतच नाही. कोचनं विजूच्या पाठीवर चार फटके हाणले आन् कानाशी ओरडला, "खाटेवरच्या बापाले आठव! आज हुकला तं त्याचा इलाज कोण करन?"

विजू लालबुंद झाला. हात थरथरून राहिले होते. वजन छातीवरी आलं आन् धाडकन खाली. तिन्ही चान्स असेच गेले.

आता ठेकेदाराकडे सिमेंटचे पोते उचलते तो. परवा मी म्हटलं, "दिवसभर कसं जमते बे तुले? हात नाही कापत?"

पोतं खांद्यावर तसंच ठेवून म्हणे, "बाप तं गेला ना. आता कायचा भेव?"