वीतभर केबल

शिंपीकाकांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन परवावर आलं होतं. पोटात कॅमेरा घालून, नव्या यंत्रावर. दवाखान्याच्या बाकावर त्यांच्या शेजारीच ते यंत्र बनवणाऱ्या इंजिनीयरबाई आणि त्यांना चिप विकायला आलेला माणूस बसले होते.

"मॅडम, सही करून मोकळ्या व्हा. दोन कॅमेऱ्यांतला हवा तो पडद्यावर आणायचा, एवढंच तर काम! आमची ही मल्टिप्लेक्सर चिप गरजेच्या दुप्पट वेगाची आहे."

"कागदावर सगळेच धावतात. सिग्नल दोन तारांच्या जोडीनं जातो. एका तारेतला जरासा मागे राहिला की चित्र फुटतं. तुमच्या चिपमधून जोडी बरोबरीनं बाहेर पडते?"

"काल दाखवलं की! चित्र कसं आरशासारखं होतं."

"केबल कोणाची होती?"

"आमचीच. बॅगेत असतेच."

"लांबी?"

"असेल... वीतभर."

"वीतभरात कुठलंही चित्र चांगलंच दिसतं. ऑपरेशनच्या खोलीत चार मीटर लागते."

"फार संशयी बुवा तुम्ही!"

"माझ्याकडे आहे चार मीटरची. चला, आत्ता लावून बघू."

"तुमची कशाला? उद्या आमचीच आणतो ना, चांगली चार मीटरची."

"शिंपीकाका, आत या," नर्सनं हाक मारली.

काका उठले. आयुष्यभर गिऱ्हाइकांनी घरून मापून आणलेलं कापड त्यांनी पुन्हा मापूनच घेतलं होतं. त्यांनी खिशातली टेप काढून बाईंच्या हातात ठेवली.

"राहू द्या ताई तुमच्याकडे. उद्या त्यांची केबल आली की आधी मोजा. परवा पडद्यावर माझंच पोट दिसायचंय."